पात्रतेची चाळणी आणि पैशाचे छिद्र

वैद्यकीय प्रवेशाचा हंगाम आला की दरवर्षी दोन वाद हमखास रंगतात. प्रश्नपत्रिका फुटली की नाही, हा एक. आणि राखीव जागांमुळे गुणवत्तेवर अन्याय होतो की नाही, हा दुसरा. दोन्ही वादांत आवाज मोठा असतो. परंतु त्या गदारोळात तिसरा एक प्रश्न सोयिस्करपणे मागे राहतो. 'नीट' परीक्षेत चांगला क्रमांक मिळवूनही केवळ शुल्क परवडत नाही म्हणून जो विद्यार्थी हक्काची जागा सोडून देतो, त्याची जागा पुढे कोणाच्या पदरात पडते? गुणवत्तेच्या नावाने ऊर बडवणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले पाहिजे.

२०२५ साली सुमारे २२ लाख मुलेमुली ही परीक्षा देऊन बाहेर पडली. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक 'पात्र' ठरली. देशातील एमबीबीएसच्या एकूण जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खाजगी संस्थांच्या हाती. म्हणजे एका जागेमागे दहा पात्र उमेदवार. परीक्षा जर निवडीसाठी आहे, तर एका जागेसाठी दहा जणांना पात्र ठरवण्याचे प्रयोजन काय?

याचे उत्तर 'पर्सेंटाइल' या शब्दात दडले आहे. सामान्य माणूस ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के असे समजतो, आणि त्याचा तो समज कोणी दूर करीत नाही. खुल्या वर्गासाठी ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, एवढेच. २०२५ साली ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर आली. म्हणजे शेकडा २० गुण. २०२२ साली ती ११७ गुणांवर होती. आता दुसरी अट पाहा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत खुल्या वर्गाच्या विद्यार्थ्याला किमान ५० टक्के गुण हवेत. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या परीक्षेत ५० टक्के हवेत, आणि देशाची गुणवत्ता मोजणाऱ्या परीक्षेत २० टक्के पुरेत! इतकी उदारता कोणासाठी, हे कळायला फार बुद्धी लागत नाही.

जागा घसरते ती कोठवर?

कल्पना करा की एखाद्या शेतमजुराच्या मुलीचे शासकीय महाविद्यालय थोडक्या गुणांनी हुकले. गुणानुक्रमाने पाहता तिच्या पुढची जागा अभिमत विद्यापीठातली आहे. महाराष्ट्रातील अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाचे शुल्क २० लाख रुपयांच्या वर आहे. वसतिगृह, भोजन आणि इतर आकारणी धरली तर संपूर्ण शिक्षणाचा खर्च कोटीच्या घरात जातो. एवढेच नव्हे. अखिल भारतीय प्रवेशफेरीत अभिमत विद्यापीठांच्या जागांसाठी नुसती नोंदणी करायची तर ५ हजार रुपये शुल्क आणि वर २ लाख रुपये अनामत. जागा मिळाली नाही तर अनामत परत मिळते, हे खरे. परंतु ज्या घरात दोन लाख रुपये कधी एकत्र पाहिलेले नाहीत, त्या घराला ती परत मिळण्याचा दिलासा काय कामाचा? ती मुलगी त्या दारापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यानंतरचा पोहोचत नाही, त्याच्यानंतरचाही नाही. जागा हजारो क्रमांक ओलांडीत खाली घसरते, आणि अनेक लाखांच्या घरात क्रमांक असलेल्या, परंतु धनवान पित्याच्या पोटी जन्मलेल्या उमेदवाराच्या ओंजळीत पडते. तो उमेदवारही 'नीट-पात्र'च असतो. कोठेही नियमाचा भंग होत नाही. नियमच तसा आहे.

राखीव जागेवर दहा-वीस गुण कमी मिळवून आलेल्या दलित वा आदिवासी विद्यार्थ्याकडे बोट दाखवून 'अशा डॉक्टरकडून आम्ही शस्त्रक्रिया करून घ्यायची काय?' असे विचारणारे महाभाग या घसरणीबद्दल मौन पाळतात. पैशाच्या आरक्षणाला ते आरक्षण म्हणत नाहीत. अनिवासी भारतीयांच्या नावे १५ टक्क्यांपर्यंत जागा राखून ठेवल्या जातात आणि त्यांचे शुल्क इतरांच्या कित्येक पट असते. तेथे गुणवत्तेचा ऱ्हास होत नाही असे ते मानतात की काय?

पिशवीतून पावतीकडे

ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिली नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. बहुजनांची मुले शिकावीत, परप्रांतात देणगी भरण्यासाठी जाणारा पैसा राज्यात राहावा, असे तेव्हा सांगितले गेले. थोड्याच वर्षांत देणगीचा बाजार इतका माजला की १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करण्याची पाळी शासनावर आली. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी म्हणजे शिक्षणाच्या हक्काची पायमल्ली होय, असा निर्वाळा दिला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा गुणवत्तेवर अल्प शुल्कात आणि निम्म्या अधिक शुल्कात, अशी वाटणी ठरली. परंतु २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना मोडीत काढली, आणि २००५ च्या इनामदार निकालाने देणगी निषिद्ध ठरवतानाच संस्थांना स्वतःचे शुल्क ठरवण्याची व 'वाजवी आधिक्य' राखण्याची मुभा कायम केली.

फलित काय? देणगी बेकायदा ठरली आणि शुल्क कायदेशीर झाले. पूर्वी जी रक्कम रात्री पिशवीतून जात असे, ती आता दिवसाढवळ्या पावतीवर जाते. सहकारी कारखाना आणि मतदारसंघ यांच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय हे महाराष्ट्रातील सत्तेचे तिसरे साधन झाले. शुल्काचे नियंत्रण ज्यांनी करायचे ते आणि ज्यांचे करायचे ते पुष्कळदा एकाच पंगतीला जेवतात. मग नियंत्रणाची धार बोथट झाली तर नवल कसले?

समर्थकांचे तीन मुद्दे

या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, 'नीट'पूर्वी प्रत्येक संस्था आपापली परीक्षा घेई, मुले गावोगाव अर्ज भरीत हिंडत, आणि त्या परीक्षांच्या आड जागांची विक्री होई. हे अगदी खरे आहे. ते दिवस परत आणावेत असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. २०१६ पासून देशभर एक परीक्षा झाली, हे पाऊल योग्यच होते. परंतु परीक्षा एक केली आणि शुल्क मोकाट सोडले, तर ती परीक्षा पैशाला रोखीत नाही. पैशाला पात्रतेचे प्रमाणपत्र देते.

शिवाय ही परीक्षा स्वतःच पैशाची शर्यत झाली आहे. २०२४ साली या परीक्षेसाठी २४ लाखांवर अर्ज आले. अर्जाचे शुल्क खुल्या वर्गाला १७०० आणि अनुसूचित जाती-जमातींना १००० रुपये. सर्वांनी सर्वांत कमी दरानेच शुल्क भरले असे धरले तरी २४० कोटी रुपये होतात. त्याच वर्षी पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटली. त्याआधी लातूर वा कोटा येथील शिकवणी वर्गांचे लाखाच्या घरातले शुल्क, खोलीचे भाडे, खानावळ, आणि पहिल्या वर्षी साधले नाही तर दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच खर्च. त्यावर अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता यांसाठी तहसील ते जिल्हा अशा खेपा. ज्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्याच्या दृष्टीने यांतली प्रत्येक खेप ही प्रवेशाचीच किंमत असते.

तमिळनाडूत काय घडले ते आठवावे. अरियालूर जिल्ह्यातील एका दलित हमालाच्या मुलीने बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवले होते. 'नीट'मध्ये ती मागे पडली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिने जीवनयात्रा संपवली. त्या राज्याने हा मृत्यू विसरला जाऊ दिला नाही. २०२० साली तेथे सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के वैद्यकीय जागा राखून ठेवणारा कायदा झाला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांसाठी असे काही करावेसे वाटू नये?

समर्थकांचा दुसरा मुद्दा असा की, शासनाने सवलती दिल्या आहेत. दिल्या आहेत, आणि त्यांचे स्वागतच आहे. २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी जाहीर झाली, हा चांगला निर्णय होता. परंतु अभिमत विद्यापीठे आणि संस्थापातळीवरचे प्रवेश त्या सवलतीतून वगळले आहेत. जेथे आग सर्वांत मोठी, तेथेच पाणी नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा: शासनापाशी निधी नाही, म्हणून खाजगी गुंतवणूक हवी. पण या गुंतवणुकीची परतफेड अखेर कोण करतो? कोटभर रुपये घालून बाहेर पडलेला डॉक्टर धडगाव वा एटापल्लीच्या आरोग्य केंद्रात बसून ती रक्कम वसूल करू शकत नाही. ती वसूल होते रुग्णाच्या खिशातून, अनावश्यक तपासण्यांतून. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यावर एक वर्षाच्या सेवेचे बंधन आहे खरे. पण पूर्वी दहा लाख रुपये भरले की तेही सुटत असे. येथेही पैसा दिला की कर्तव्य माफ! ज्यांना येथला खर्च झेपत नाही अशांतली हजारो मुले युक्रेनसारख्या देशांत गेली, आणि १ मार्च २०२२ रोजी हावेरी जिल्ह्यातील एक मुलगा खार्किव्हच्या तोफमाऱ्यात प्राणाला मुकला. डॉक्टर होण्यासाठी युद्धभूमीपर्यंत जावे लागावे, ही कोणाची नामुष्की?

मागणी काय?

वेगळी वाट अशक्य आहे असेही नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. 'नीट' येईपर्यंत तेथील प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर कोणाला करायचे याचे उत्तर डॉक्टर कशासाठी हवा यावर अवलंबून असते, हा विचार त्यामागे होता.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक: पात्रतेची रेषा उपलब्ध जागांच्या प्रमाणात ठरवा, एका जागेमागे दहा 'पात्र' निर्माण करणे थांबवा. दोन: गुणानुक्रमाने आलेली कोणतीही जागा केवळ शुल्काअभावी खाली जाऊ देऊ नका, अशा विद्यार्थ्याचे शुल्क त्याच्या कुटुंबाच्या उत्पन्नाशी बांधा, आणि अभिमत विद्यापीठांनाही त्या नियमाखाली आणा. तीन: प्रवेशफेरीतील दोन लाखांची अनामत रद्द करा. चार: सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी जागा राखा. पाच: प्रत्येक महाविद्यालयाने प्रत्येक कोट्यातील शेवटच्या प्रवेशाचा गुणानुक्रम आणि त्या जागेचे शुल्क एकाच तक्त्यात दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावे.

यांतली शेवटची मागणी मान्य करायला शासनाला एक रुपयाही खर्च येत नाही. येत्या अधिवेशनात आपापल्या आमदाराला वाचकांनी एवढेच विचारावे, की हा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचा आग्रह तुम्ही धरणार की नाही? तो नकार देईल, तर त्याचे वा त्याच्या सोयऱ्याचे महाविद्यालय कोठे आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला संकोच बाळगू नये.