कालच्या उष्ट्यावर पास

टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर, ही समजूत फाइल लिहिणाऱ्या कोडच्या बाबतीत फार लवकर उघडी पडते. विक्रीचा अहवाल ‘आउटपुट’ फोल्डरमध्ये लिहिणारं एक फंक्शन घ्या. टेस्ट ते चालवते आणि फोल्डरमध्ये सीएसव्ही आहे का, एवढंच बघते. उद्या कुणाच्या हातून फाइल लिहिणारी ओळच उडाली, तरी टेस्ट पासच! कालची फाइल तिथे पडलेली असते ना. ताट उष्टं दिसलं म्हणून जेवण झालं असं समजायचं, त्यातलाच हा प्रकार. अशा टेस्ट एका वेळी चालवल्या की एकीची फाइल दुसरी पुसते, आणि मग टीममध्ये सल्ला मिळतो, ‘परत रन कर, होईल.’

यावरचा उपाय, टेम्पररी डिरेक्टरी, जुना आणि फुकटचा आहे. पायथनच्या पायटेस्टमध्ये टेस्टच्या कंसात ‘टीएमपी_पाथ’ लिहिलं की प्रत्येक टेस्टला कोरं फोल्डर मिळतं. गो भाषेत 2020च्या 1.15 आवृत्तीपासून ‘टेम्पडिर’ आहे, जावाच्या जेयुनिट 5 मध्येही अशी सोय आहे. स्वतःच ‘/टीएमपी/टेस्ट’ असा पत्ता टाइप करणं म्हणजे मात्र टेम्पररी डिरेक्टरी नव्हे. सामायिक सर्व्हरवर ते फोल्डर आधी दुसऱ्याने तयार केलेलं असलं, की परमिशनचा एरर ठरलेला.

साफसफाईही हाताने करू नये, तीही या सोयींवर सोडावी. फाइल पुसणारी ओळ टेस्टच्या शेवटी लिहिली, तर टेस्ट मध्येच फेल झाल्यावर तिथवर कोण पोचणार? पायटेस्ट मागच्या तीन रनची फोल्डरं मात्र मुद्दाम ठेवतं, फेल झालेल्या टेस्टने काय लिहिलं ते उघडून बघता यावं म्हणून. विंडोजवर कधीकधी फोल्डर पुसताच येत नाही. अशा वेळी विंडोजला शिव्या घालण्याआधी आपल्या कोडने फाइल बंद केली आहे का, ते पाहावं.

खरी अडचण वेगळीच असते. ‘आमच्या कोडमध्ये हे बसत नाही,’ असं सांगणाऱ्यांच्या फंक्शनमध्ये फोल्डरचा पत्ता थेट लिहिलेला असतो. तो पॅरामीटर म्हणून बाहेरून दिल्याशिवाय टेस्टला कोरं फोल्डर सरळ देता येत नाही. म्हणजे दुखणं कोडचं, बदनामी टेस्टची. तेव्हा रिव्ह्यू करणाऱ्यांनो, टेस्टमध्ये ठरावीक फोल्डरचा पत्ता दिसला तर मर्जचं बटण दाबू नका.