वाय केबलची दिशा

शाळांच्या स्नेहसंमेलनात हा प्रकार हमखास घडतो. मुली लावणीच्या पवित्र्यात उभ्या राहतात, मोबाइलवरचं गाणं सुरू होतं आणि हॉलभर व्हायोलिनचा ताफा, कोरस आणि गायिकेच्या आवाजाची नुसती घुमणारी सावली ऐकू येते. खुद्द गायिका गायब! मुख्याध्यापक मिक्सरवाल्याकडे बघतात, मिक्सरवाला मोबाइलवाल्याकडे. मग कोणीतरी पिन अर्धवट बाहेर ओढतं आणि बाई गायला लागतात. सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि पिन तशीच अर्धवट लटकत ठेवून कार्यक्रम पार पडतो.

दोष मोबाइलचा नाही आणि मिक्सरचाही नाही. मोबाइलमध्ये बसणाऱ्या ईपी पिनच्या केबलला दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-38 पिन लावून ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटात खुपसलेली असते. बॅलन्स्ड इनपुट पिनच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या कड्यावरचा सिग्नल वजा करतं. तेच त्याचं काम. स्टिरिओ गाण्यात मात्र टोकावर डावा चॅनेल असतो आणि कड्यावर उजवा. गायिका दोन्हींत सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती शून्य होते आणि दोन बाजूंना जे वेगवेगळं असेल तेवढंच शिल्लक राहतं. उपाय स्वस्त आहे: एका ईपी पिनमधून दोन मोनो पी-38 निघणारी केबल, मिक्सरचे दोन चॅनेल आणि दोन्हींचा पॅन मध्यावर.

ही केबल वाय आकाराचीच असते आणि इथे ती बरोबर दिशेने वापरलेली असते. आउटपुट एक आणि इनपुट अनेक असतील तर वाय बिनधोक आहे. सोनीने 1979 साली पहिला वॉकमन आणला तेव्हा दोघांना एकत्र ऐकता यावं म्हणून त्याला हेडफोनची दोन सॉकेटं दिली होती. मंडपात याहून सोपं काम असतं. मिक्सरचं आउटपुट 150 ओहमच्या आसपास आणि पॉवर्ड स्पीकरचं इनपुट 20 किलोओहम धरलं, तर असे चार स्पीकर एकाच आउटपुटावर लावले तरी भार 5 किलोओहमचा होतो. आवाज घटतो तो जेमतेम पाव डेसिबल. तेवढा फरक नवऱ्यामुलाच्या मामालाही कळत नाही. म्हणूनच पॉवर्ड स्पीकरच्या मागचं ‘लिंक’ सॉकेट वापरून एकातून दुसऱ्यात सिग्नल नेणं चालतं.

घोटाळा होतो तो वाय उलटी धरल्यावर. लॅपटॉप आणि मोबाइल, किंवा डावा आणि उजवा चॅनेल, अशी दोन आउटपुटं एका पिनमध्ये आणून एका इनपुटात घातली की आवाज येतो खरा. पण प्रत्येक आउटपुटाला समोर मिक्सरचं 20 किलोओहमचं इनपुट दिसण्याऐवजी दुसऱ्याचं शंभरेक ओहमचं आउटपुट दिसतं. दोघं एकमेकांना ढकलत बसतात, आवाज फाटतो आणि नाजूक यंत्र असेल तर तापतंही. अमेरिकेतल्या रेन कंपनीचे डेनिस बोन यांनी नेमक्या याच विषयावर ‘व्हाय नॉट वाय?’ हे टिपण लिहिलं आणि ध्वनिक्षेत्रात ते आजही वाचलं जातं. दोन आउटपुटं एकत्र करायचीच असतील तर प्रत्येक वायरीत 470 ओहम ते एक किलोओहमचा रेझिस्टन्स हवा. चहा गार व्हायच्या आत दोन रेझिस्टन्स सोल्डर होतात. बाजारातल्या बहुतेक तयार केबलमध्ये ते नसतात आणि पाकिटावर तसं लिहिलेलंही नसतं.

इथवरचं सगळं लाइन लेव्हलचं. ॲम्पच्या पुढे हिशेब पार बदलतो आणि नुकसानही हजारांत होतं. 8 ओहमचे दोन स्पीकर बॉक्स पॅरलल लावले की 4 ओहम होतात, तीन लावले की 2.67 आणि चार लावले की 2. ॲम्पवर किमान 4 ओहम छापलेलं असेल तर तिसरा बॉक्स म्हणजे आगाऊपणा. यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. एका बॉक्समधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी ओढली की दिसायला ती सिरीज दिसते. विजेच्या लेखी मात्र ती पॅरलल असते, कारण बॉक्सच्या मागची दोन्ही सॉकेटं आतून एकमेकांना जोडलेली असतात. चार सारखे बॉक्स एकाच चॅनेलवर चालवायचेच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये घेऊन त्या जोड्या पॅरलल कराव्यात. भार पुन्हा 8 ओहम होतो.

डाव्या-उजव्या चॅनेलच्या काळ्या तारा ‘अर्थच तर आहे’ म्हणून एकत्र बांधणारेही कमी नाहीत. जुन्या ॲम्पमध्ये ते खपून जायचं. आजच्या क्लास-डी ॲम्पमध्ये अनेकदा लाल आणि काळ्या दोन्ही टोकांवर जिवंत सिग्नल असतो. तिथे ही बांधणी म्हणजे सरळ शॉर्ट.

गल्लीभर चोंगे लावायचे असतील तर 100 व्होल्टची लाइन हाच खरा मार्ग. तिथे ओहमची कटकट नाही, फक्त वॅटची बेरीज करायची. प्रत्येक चोंग्याचा ट्रान्सफॉर्मर 10 वॅटच्या टॅपवर ठेवला तर 100 वॅटच्या ॲम्पवर दहा चोंगे चालतात. पण ट्रान्सफॉर्मर न लावता 16 ओहमचं युनिट थेट या लाइनवर टाकलं तर ते एकटंच 625 वॅट मागतं. पुढे काय होतं ते वासावरून कळतं.

वायरच्या जाडीबाबत थोडक्यात: दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची 20 मीटरची लांबी जाऊन-येऊन अर्धा ओहम खाते. 4 ओहमच्या भारावर त्यात एक डेसिबल जातो. ॲम्प बॉक्सजवळ ठेवावा आणि लांब पल्ला बॅलन्स्ड कॅनन केबलने गाठावा.

लग्नसराई सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ध्वनिचालकाने आपली पेटी एकदा जमिनीवर उपडी करावी. रेझिस्टन्स असलेल्या वाय केबलवर एका रंगाची पट्टी, नसलेल्यांवर दुसऱ्या रंगाची, आणि स्टिरिओ पी-38 ते ईपीच्या केबल हाताखालच्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा वेगळ्या पिशवीत. स्पीकरची लाइन ॲम्पला जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजायची सवय त्याच पोरांना लावावी. 8 ओहमचा बॉक्स मीटरवर साधारण 6 दाखवतो आणि पॅरलल लावलेले दोन बॉक्स 3 दाखवतात. 4 ओहमच्या ॲम्पसमोर मीटरने दीड दाखवला तर ॲम्प सुरू करू नये; आधी दोन बॉक्स काढावेत.