गाडी धावते तेवढेच काम?

गोव्याच्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या फार थोड्या जिनसा गोव्यात पिकतात. भाजी बेळगावहून चोर्ला घाट उतरून येते, कांदा नाशिककडून येतो आणि समुद्र उशाशी असूनही मडगावच्या घाऊक बाजारातली बरीचशी मासळी परराज्यांतून येते. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, तेव्हा या पुरवठ्याची दोरी किती नाजूक आहे ते राज्याने काही दिवसांतच अनुभवले. २०१८ साली फॉर्मेलिनचे प्रकरण गाजले आणि पोळे, पत्रादेवीच्या नाक्यांवर मासळीच्या गाड्या अडवून तपासण्यात आल्या. तेव्हाही चर्चा मासळीची झाली. ती शेकडो किलोमीटर ओढून आणणारा चालक कोणाच्या गणतीत नव्हता. आपल्याकडे ट्रक म्हटला की खनिजवाहू टिपर डोळ्यांपुढे येतो, हेही त्याचे एक कारण असावे.

या चालकाचा विषय आता काढण्यास निमित्त आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ इतिहासजमा झाला. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, लांब पल्ल्यासाठी परवानगीने फार तर १० आणि ५४ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी या कायद्याची तरतूद होती. तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेला. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा आकडा दहावर गेला आहे. आपल्या देशातील मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन गाड्या बाळगणाऱ्या मालकांच्या हाती आहे. ते जुन्या चौकटीतही नव्हते. आता चौकट आणखी दूर सरकली. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ कामाच्या तासांसाठी १९६१च्या कायद्याकडेच बोट दाखवत आले, त्यामुळे कागदोपत्री मर्यादा सर्वच चालकांना होती. पण चालक किती तास चाकावर बसला हे रस्त्यात कोण मोजतो?

त्याहून महत्त्वाची बाब ‘कामाचे तास’ या शब्दांच्या व्याख्येत दडलेली आहे. गाडी चालवण्याचा वेळ व त्याला जोडून येणारी कामे यांत धरली आहेत. नुसते हजर राहून वाट पाहण्याचा वेळ मात्र पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरायचा. जुन्या कायद्यातील ही व्याख्या नव्या संहितेतही उतरली आहे. आगार, फेऱ्या आणि वेळापत्रक असलेल्या बससेवेला ती शोभत असेल. ट्रकचालकाच्या दिनक्रमाशी तिचा काडीचा संबंध नाही.

तो दिनक्रम असा. कारखान्याच्या फाटकावर नंबर लागतो. हमाल जेवायला गेलेले असतात, गोदामात जागा नसते किंवा पावतीवरचा एखादा आकडा जुळत नाही. कित्येक शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेश नसतो, म्हणून वेशीबाहेर थांबायचे. हा वेळ चार तासांचाही असू शकतो आणि दोन दिवसांचाही. या वेळात चालक मोकळा नसतो. डिझेल, ताडपत्री, टायर आणि माल यांवर त्यालाच लक्ष ठेवावे लागते. बहुतेक ठिकाणी शौचालयसुद्धा नसते. कायद्याच्या लेखी मात्र तो काम करत नसतो, आणि मोबदला फेरीवर ठरत असल्याने मालकाच्या लेखीही नाही. खोळंब्याचे पैसे मिळालेच तर ते बहुधा मालकाच्या खात्यात जातात.

पुढचा भाग घाटात घडतो. सकाळी भरायची गाडी संध्याकाळी भरून निघते, तरी पोहोचण्याची वेळ तीच राहते. फाटकावर गेलेले तास मग रात्री, अनमोड किंवा चोर्ल्याच्या वळणांवर भरून काढले जातात. पूर्वी राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक सक्तीचे होते. केंद्राने २०१८ मध्ये ही अट काढली. खर्च वाचला, जागरण एकाच्या वाट्याला आले. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत चालकांचे रोजचे सरासरी चालवणे बारा तासांच्या आसपास आढळले, आणि ८४ टक्क्यांनी आपल्या नातलगाला हा पेशा सुचवणार नाही असे सांगितले. चालक मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या वाहतूकदारांनी हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्हच आहे. पण इंजिन बंद करून फाटकावर उभ्या असलेल्या गाडीत ते थंडावा देत नाही. दुसरीकडे, अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) आले. जानेवारी २०२४ च्या संपानंतर ते स्थगित ठेवण्यात आले. जखमीला टाकून पळणे असमर्थनीयच आहे. परंतु त्या चालकाने आधीचे वीस तास कसे काढले, हे विचारणारे कलम कोठे आहे?

कामाच्या वेळा, विश्रांतीचे अंतर आणि दिवसाचा एकूण पसारा अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार संहितेने राज्यांनाही दिला आहे. गोवा सरकारला तो वापरता येईल. औद्योगिक वसाहतींत व बंदरावर गाडी आत येण्याची आणि सुटण्याची वेळ चालकाच्या कागदावर नोंदवणे फार खर्चाचे नाही. सुरक्षारक्षकाच्या वहीत ती आजही लिहिली जातेच. फास्टॅगमुळे गाडीने कोणता टोलनाका किती वाजता ओलांडला हेही ठाऊक असते. या दोन नोंदी जुळवल्या तर चालकाच्या जागरणाचा अंदाज बांधता येतो. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर पाणी, शौचालय व दिवाबत्ती असलेला वाहनतळ हवा. यावर व्यापारी म्हणतील की भाडे वाढेल. थोडे वाढेलही. आज ही रक्कम वाचते ती चालकाच्या झोपेतून, आणि खोळंब्याचे पैसे द्यावे लागले तर गोदामांना हमालही वेळेवर सापडू लागतील.