गुण किती मिळाले आणि गुण किती आला?

डॉक्टर निवडताना आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : त्यांच्या हाताला गुण आहे का? पदवी तर हवीच. पण भिंतीवर टांगलेल्या पदवीवर आपले भागत नाही. मागच्या पेशंटला बरे वाटले का, हे आपण शेजारणीला विचारूनच जातो. मग घरातल्या भांडणांसाठी, तुटत चाललेल्या संसारासाठी, अबोल झालेल्या मुलासाठी ज्या समुपदेशकाकडे आपल्याला पाठवले जाते, त्याच्याबद्दल हा प्रश्न आपण का विचारत नाही? आणि त्याला घडवणाऱ्या संस्थेला तो कोण विचारतो?

नवरा-बायकोचे आणि कुटुंबाचे समुपदेशन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून अमेरिकेत सर्वांत जास्त रुजला. तिथे त्याला ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ म्हणतात. या थेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना 1942 साली स्थापन झाली. 1963 साली कॅलिफोर्निया राज्याने त्यांच्यासाठी परवान्याचा कायदा केला आणि 2009 पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. यामागचा विचार साधा आहे. एका माणसाचा त्रास हा पुष्कळदा त्याच्या एकट्याचा नसतो. तो घरातल्या नात्यांत, बोलण्याच्या आणि न बोलण्याच्या सवयींत गुंतलेला असतो. म्हणून एकाला बाजूला काढून तपासण्यापेक्षा घराला एकत्र बसवून काम करायचे.

यासाठी तिथे आधी पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम आणि परीक्षा, असा लांबचा रस्ता आहे. कॅलिफोर्नियात परवाना मिळण्यासाठी देखरेखीखालच्या कामाचे 3,000 तास भरावे लागतात आणि ते किमान 104 आठवड्यांत विभागलेले असावे लागतात.

आम्हाला या शिक्षणातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पूर्वी तिथेही अभ्यासक्रम मोजला जायचा तो किती विषय शिकवले आणि किती तास घेतले यावर. 2004 साली त्यांच्या संघटनेने 128 क्षमतांची यादी तयार केली. विद्यार्थ्याला कुटुंबाची अडचण नीट ऐकून घेता येते का, धोका ओळखता येतो का, पुढची दिशा ठरवता येते का, कायदा आणि नीती पाळता येते का, अशा त्या क्षमता आहेत. म्हणजे ‘मास्तरांनी काय शिकवले’ याऐवजी ‘पोराला काय येते’ हा प्रश्न पुढे आला. आज तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारा आयोग संस्थांना तीन गोष्टी जाहीर करायला लावतो : प्रत्येक तुकडीतले किती विद्यार्थी वेळेत पदवीपर्यंत पोहोचले, किती जण परवान्याची परीक्षा पास झाले आणि किती जणांना काम मिळाले. फी भरण्याआधी कुणालाही हा तक्ता पाहता येतो.

कर्ज काढून लेकीला शिकवणाऱ्या आईबापांना या तक्त्याची किंमत वेगळी सांगायला नको. रंगीत माहितीपत्रक सगळेच छापतात. निम्मी मुले अर्ध्यात सोडून गेली, हे कोण छापतो?

तरीही हा तक्ता पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात दोन मोठी भोके आहेत.

पहिले भोक सरासरीचे. एकूण निकाल चांगला दिसला म्हणजे सगळ्यांचा चांगला असतो असे नाही. याचा पुरावा या व्यवसायाच्या सख्ख्या भावंडाकडून, म्हणजे अमेरिकेतल्या समाजकार्य क्षेत्रातून मिळाला. तिथे उपचाराचे काम करणाऱ्या सोशल वर्करांनाही परवान्याची परीक्षा द्यावी लागते. परीक्षा घेणाऱ्या संघटनेने 2022 साली पहिल्यांदा वंशानुसार निकाल खुले केले. पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्या गोऱ्या उमेदवारांचे प्रमाण सुमारे 84 टक्के आणि काळ्या उमेदवारांचे सुमारे 45 टक्के निघाले. परीक्षेला बसण्यासाठी दोघांकडेही लागणारी पदवी होती. मग एवढी दरी कुठून आली? त्यानंतर तिथे विद्यार्थ्यांच्या बुद्धीऐवजी परीक्षेलाच प्रश्न विचारले जाऊ लागले. प्रश्न कोणाच्या घराचा, कोणाच्या भाषेचा, कोणाच्या अनुभवाचा विचार करून काढले जातात? शिकवणीचा आणि दुसऱ्यांदा फी भरण्याचा खर्च कोणाला परवडतो?

आकडे गटागटाने मांडले नसते तर ही दरी दिसलीच नसती. आपल्या समाजाला हे नवे नाही. ‘शाळेचा निकाल नव्वद टक्के’ असा फलक लागतो, पण उरलेले दहा टक्के कोणत्या गल्लीतले, हे फलकावर नसते. शिकाऊ काळातल्या कामाचेही तसेच आहे. त्यातले बरेच तास बिनपगारी किंवा अगदी तुटपुंज्या मोबदल्यावर भरावे लागतात. ज्याच्या घरातून महिन्याचे भाडे येते तो ते भरतो. ज्याच्या पगारावर घर चालते तो मागे पडतो किंवा सोडून देतो. मग समुपदेशकाच्या खुर्चीत बसणारा माणूस एका थरातला आणि समोर बसणारे कुटुंब दुसऱ्या थरातले, असे होऊन बसते.

दुसरे भोक त्याहून मोठे आहे. पदवी, परीक्षा आणि नोकरी या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या झाल्या. ज्या कुटुंबांसाठी हे सारे शिक्षण आहे, त्यांना बरे वाटले का, याचा रकानाच त्या तक्त्यात नाही.

अनुभव वाढला की हात आपोआप बसतो, असे आपण धरून चालतो. 2016 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 170 थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेले साडेसहा हजारांहून जास्त लोक यांची नोंद तपासली गेली. वर्षे वाढली तशी सरासरीने सुधारणा वाढली नाही, उलट किंचित घटली. काही थेरपिस्ट मात्र चांगले होत गेले. म्हणजे नुसती पदवी आणि नुसती वर्षे हाताला गुण देत नाहीत.

मग काय देते? नॉर्वेतल्या कुटुंब सल्ला केंद्रांत 205 जोडप्यांवर झालेला एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. एका गटात समुपदेशकांना जोडप्याकडून दर भेटीत छोटा लेखी अभिप्राय मिळत होता. भेटीच्या सुरुवातीला चार प्रश्न : स्वतःचे कसे चालले आहे, जवळच्या नात्यांचे कसे, कामधंद्याचे व मित्रमंडळींचे कसे आणि एकंदर कसे. शेवटी आणखी चार : आमचे ऐकून घेतले का, आम्हाला हवे ते बोलणे झाले का, पद्धत पटली का, एकंदर भेट कशी वाटली. ज्या गटात असा अभिप्राय नव्हता, त्याच्या जवळजवळ चौपट प्रमाणात या गटातल्या जोडप्यांत ठळक सुधारणा दिसली. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण समोरच्याला विचारायला खर्च काय येतो? एक कागद, एक पेन आणि उत्तर ऐकण्याची तयारी. ती तयारी शिक्षणातच अंगी बाणवावी लागते.

यावर कुणी म्हणेल, कुटुंब सावरले नाही तर त्यात समुपदेशकाचा काय दोष? नवऱ्याची नोकरी गेली, घर तोडले गेले, तर बोलून काय होणार? हे खरे आहे. म्हणूनच हा हिशेब शिक्षा करण्यासाठी वापरू नये, शिकण्यासाठी वापरावा. पण हिशेबच ठेवायचा नाही, ही पळवाट आम्हाला मान्य नाही.

आणि गुण येणे म्हणजे काय, हेही ठरवावे लागेल. संसार टिकला म्हणजे गुण आला, असे अजिबात नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीवादी थेरपिस्टांनी आपल्याच व्यवसायाला हेच सुनावले होते : मार खाणारी आणि मारणारा यांना एकाच तराजूत तोलून ‘दोघांचेही चुकते’ म्हणाल, तर तुम्ही मारणाऱ्याच्या बाजूने उभे आहात. जिथे मारझोड आहे तिथे बाईने मुलांसह सुखरूप वेगळे होणे हाही चांगला निकाल असतो. तडजोड करून दिलेल्या जोडप्यांची संख्या मोजणारे शिक्षण आमच्या लेकींच्या जिवावर उठेल.

असे काम शिकायला मोठ्या घरातच जन्म घ्यावा लागतो का? नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया शहरातल्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये साल्वाडोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोंताल्वो यांनी गरीब वस्त्यांतल्या, विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबांसोबत काम करायला शिकवले. शिकणारा कुटुंबाशी बोलत असे आणि शिक्षक एका बाजूने दिसणाऱ्या काचेमागून ते पाहून तिथल्या तिथे मार्गदर्शन करत असे. आजही तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत देखरेखीचा काही भाग प्रत्यक्ष काम पाहून किंवा त्याचे चित्रण पाहूनच व्हावा लागतो. विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही, पण काठावर पोहणारा कुणीतरी उभा लागतोच.

आपल्याकडे कुटुंब समुपदेशनाचा असा वेगळा परवाना नाही. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याने समुपदेशक आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यांनाही नियमांच्या कक्षेत आणले आहे. अशा शिक्षणाचे नियम करताना तीन गोष्टी असाव्यात, अशी आमची मागणी आहे. एक, प्रत्येक संस्थेने पदवी, गळती आणि नोकरीचे आकडे प्रवर्गनिहाय आणि स्त्री-पुरुषनिहाय जाहीर करावेत. दोन, शिकाऊ काळात जगण्यापुरते विद्यावेतन द्यावे. तीन, विद्यार्थ्याने ज्या कुटुंबांसोबत काम केले त्यांचा अभिप्राय, नाव गुप्त ठेवून, त्याच्या शिक्षणाचा भाग करावा.

नियम होतील तेव्हा होतील. आपल्या हातात आहे ते आजपासून करू. लेकीला किंवा लेकाला समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला घालताना विचारा : मागच्या तुकडीतली किती मुले पास झाली, किती सोडून गेली, ती आज कुठे काम करतात, आणि मुलांचे प्रत्यक्ष काम कोण पाहते? समुपदेशकाकडे जाल तेव्हा विचारा : तुम्ही कुठे शिकलात, तुमच्या कामावर कुणा वरिष्ठाची नजर आहे का, आमचे बोलणे गुप्त राहील ना? तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारा : माझे ऐकले जाते आहे का, घरात काही हलले का? नसेल तर तसे तोंडावर सांगा. चांगला समुपदेशक रागावणार नाही, पद्धत बदलेल किंवा दुसऱ्याचे नाव सुचवेल. आणि कुणी तुमची जात, वस्ती किंवा इंग्रजी काढून तुम्हाला कमी लेखले, तर त्या खुर्चीसमोर पुन्हा बसण्याची गरज नाही.

मनावरचा ताण असह्य झाला तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री मोफत बोलता येते. मारझोड होत असेल तर महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 आहे. हे तीन आकडे आज स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि शेजारच्या घरातही सांगा.