उन्हाळी लागली की क्रॅनबेरी?

लघवीला जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. आजीच्या काळी धण्याचे पाणी किंवा सब्जा दिला जाई. आता मेडिकलमध्ये आणि मोबाइलवर नवे नाव ऐकू येते, क्रॅनबेरी. तिचा रस मिळतो, पुडी मिळते, गोळीही मिळते. हे स्वस्त नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी संशोधन काय सांगते ते माताभगिनींना ठाऊक असावे.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतले, दलदलीत वाढणारे आंबट लाल फळ आहे. आपली करवंदे म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. बाजारात करवंदांना 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणतात, पण दोन्ही झाडे वेगळ्या कुळांतली आहेत. एकावरचे प्रयोग दुसऱ्याला लागू होत नाहीत. करवंदे चवीसाठी खुशाल खा.

हा आजार बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो. क्रॅनबेरीतील काही द्रव्ये या जंतूंना मूत्राशयाच्या आतल्या भिंतीला चिकटू देत नाहीत, असे प्रयोगशाळेत दिसले. पण काचेच्या नळीत घडते ते माणसात घडतेच असे नाही. १९९४ साली अमेरिकेत १५३ वृद्ध महिलांवर अभ्यास झाला. रोज ३०० मिलिलिटर रस पिणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पू कमी आढळले. त्यावरून मोठा गाजावाजा झाला. पुढे २०११ मध्ये ३१९ विद्यार्थिनींपैकी काहींना खरा रस आणि काहींना तसाच दिसणारा नकली रस दिला, तर काहीच फरक दिसला नाही. २०१६ मध्ये वृद्धाश्रमातील १८५ महिलांना वर्षभर गोळ्या देऊनही तेच. सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये तर शिफारस करता येत नाही असेच म्हटले होते.

२०२३ मध्ये त्याच संस्थेने ५० अभ्यास पुन्हा तपासले आणि निष्कर्ष बदलला. ज्या महिलांना हा त्रास वारंवार होतो त्यांच्यात धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, मुलांमध्ये साधारण निम्मा. गरोदर महिला, वृद्धाश्रमातील वृद्ध आणि ज्यांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही अशांना मात्र फायदा दिसला नाही.

इथेच जाहिरात लबाडी करते. हा फायदा आजार पुन्हा होऊ नये म्हणून आहे. जळजळ सुरू झाल्यावर रस पिऊन संसर्ग बरा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर बाजूला दुखले, लघवीत रक्त दिसले, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. तेव्हा बाटली संपण्याची वाट पाहू नये. गरोदर बाईने तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लघवी तपासून घ्यावी. अर्धवट अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नये, शेजारणीचे उरलेले तर मुळीच नाही. मधुमेह असेल तर बाटलीवर साखर किती ते वाचावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरी घेऊ नये.

माझ्या मते आपल्या घरांसाठी याहून कामाचा अभ्यास २०१८ चा आहे. वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० महिलांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. खर्च पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता हे खरे, पण पाणी नळाचे स्वच्छ असले तरी चालते. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी विचारावे.)

आता अडचण अशी की वस्तीतल्या बायका मुद्दाम कमी पाणी पितात. सार्वजनिक संडासाला कडी नाही, रात्री दिवा नाही, रांग लांब. कामावर गेल्यावर दिवसभर जागाच नाही. त्यामुळे लघवी दाबून ठेवतात. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने हाच प्रश्न मांडला की पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का? महिला मंडळाने नगरसेवकाकडे संडासासाठी अर्ज देताना कडी, दिवा आणि पाण्याच्या मागणीसोबत वस्तीत किती जणींना हा त्रास वारंवार होतो तेही लिहावे.