नळ मुंबईचे, टँकर शहापूरचे

गारगाई धरणाचे घोडे पुन्हा पुढे दामटले जात आहे. वाडा तालुक्यात ओगदे येथे धरण बांधायचे, रोज ४४ कोटी लिटर पाणी मुंबईला न्यायचे, त्यासाठी सहा गावे उठवायची आणि तानसा अभयारण्यातील लाखो झाडांवर कुऱ्हाड चालवायची. याला म्हणे प्रादेशिक विकास!

मुंबईला पाणी हवे, यावर वाद नाही. वाद हिशेबाचा आहे. तानसा १८९२ चे. मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबई ज्यांचे पाणी पिते त्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच तिच्या हद्दीत आहेत. बाकीचे ज्यांच्या उशाशी, त्या शहापूर-मोखाड्यातील पाड्यांवर उन्हाळा आला की बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात आणि तहसील कचेरी टँकरच्या फेऱ्या मोजते. शहापूरसाठी पाणी आणायचे ठरले तेही इगतपुरीच्या भावली धरणातून, आणि ती योजनाही वर्षानुवर्षे रखडली. भातसा पायाशी असताना! गावे उंचावर आहेत, पाणी चढवावे लागते, हे ठरलेले उत्तर. मग मुंबईत चाळिसाव्या मजल्यावर चढते ते पाणी कोणते?

महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात धरणकाठच्या पाड्यांच्या नळांना किती लागले असते? मुंबईच्या जलवाहिन्यांतून गळती आणि चोरीत जाणारे पाणी आधी रोखावे, हेही कुणाला सुचत नाही. नवे धरण सोपे, कारण त्यात बुडणारी माणसे मंत्रालयापासून लांब राहतात.

हीच वृत्ती राज्यभर आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि मुंबईत कुणाचीही झोप उडाली नाही. प्रादेशिक असमतोलावर दांडेकर समिती झाली, केळकर समिती झाली. अनुशेष मात्र अहवालांच्या गठ्ठ्यांत जपून ठेवला आहे.

तेव्हा गारगाईचा पहिला दगड बसण्याआधी जुन्या धरणांकाठच्या प्रत्येक पाड्यावर नळ आला पाहिजे, तोही मुंबईच्या खर्चाने. धरणातले पहिले पाणी धरणाकाठाला, उरलेले शहराला, असा लेखी करार झाला पाहिजे. ओगद्याच्या ग्रामस्थांना लवकरच पुनर्वसनाचे नकाशे दाखवले जातील. सही करण्यापूर्वी त्यांनी एखाद्या मे महिन्यात भातसाकाठच्या घरांतले रिकामे हंडे पाहून यावेत.