पावलांची स्मरणशक्ती

व्यायामाचा सल्ला दिला की अनेक ज्येष्ठ विचारतात, “आता या वयात नवीन काय शिकणार, डॉक्टर?” या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका गावाच्या मॉरिस नृत्यात सापडते.

ऑक्सफर्डलगतच्या हेडिंग्टन क्वारी येथे सहा नर्तक तिघातिघांच्या दोन ओळींत उभे राहतात. नडग्यांवर घुंगरांचे पट्टे, हातांत रुमाल किंवा काठ्या. एरवी हे नाच उन्हाळ्याच्या तोंडी, व्हिटसनच्या सणाला होत. १८९९ च्या थंडीत बांधकामे थांबली आणि मजूर चार पैशांसाठी २६ डिसेंबरला नाचायला निघाले. त्यांना पाहून संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी दुसऱ्या दिवशी वादक विल्यम किम्बर यांच्याकडून चाली लिहून घेतल्या. किम्बर व्यवसायाने गवंडी होते.

या गावाच्या नृत्यसंचाची रचना लक्षात घ्या. ‘बीन सेटिंग’मध्ये काठ्यांची टोके जमिनीवर टेकवून बी टोकल्याचा आभास होतो. ‘लॉडनम बंचेस’मध्ये रुमाल लहरतात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील जोड्या आळीपाळीने पुढे येतात. ‘शेफर्ड्स हे’ टाळ्यांवर चालतो. मात्र पुढे येऊन मागे जाणे, जोडीदाराला वळसा घालणे, नागमोडी गुंफण करणे हा सांगाडा बहुतेक नाचांत समान असतो. तो एकदा अंगवळणी पडला की प्रत्येक नाचात थोडेच नवे शिकायचे उरते.

वैद्यकीय दृष्टीने हे मोलाचे आहे. सरावाने अंगात मुरलेल्या हालचालींची स्मृती नावे, तारखा यांच्या स्मृतीहून वेगळी असते. स्मृतिभ्रंशातही ती पुष्कळदा अधिक काळ टिकते. शिवाय तालावर पाऊल टाकणे, वळणे आणि जोडीदाराकडे लक्ष ठेवणे यांत तोल, स्नायू व मन यांचा एकत्र व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते, ते पडणे टाळण्यासाठीच.

अर्थात मॉरिसमधील उड्या आपण मारू नयेत. गुडघ्यांची झीज, ठिसूळ हाडे, हृदयविकार किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. खुर्ची भिंतीला टेकवून तीत बसावे आणि ओळखीच्या गाण्यावर टाळ्या, रुमाल व टाचांचा ठेका धरावा. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. छातीत दुखले किंवा धाप लागली तर त्वरित थांबावे व डॉक्टरांशी संपर्क साधावा.

काळजीवाहकांना एक विनंती. “पडाल, बसून राहा,” असे आपण प्रेमापोटी म्हणतो. पण सतत बसून राहिल्याने पायांतील बळ ओसरते आणि पडण्याचा धोका वाढतो. आपल्या आजींना फुगडीचा, भोंडल्याचा ठेका विचारा. आजोबांना लेझमीचे हात विचारा. शब्द आठवले नाहीत तरी टाळी धरून पाहा. त्यांना येते ते त्यांच्याकडून शिका आणि दर आठवड्याला त्यात एकच नवी हालचाल जोडा. किम्बर १९६१ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर निवर्तले. त्यांच्या चालींवर आजही पावले पडतात. आपल्या घरातील ठेकाही असाच पुढच्या पिढीकडे जाऊ द्या.